जिवाणू अंतराळात तगतात, म्हणूनच कायदा हवा

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरच्या कोलंबस या युरोपीय प्रयोगशाळेच्या बाहेरच्या अंगाला २००८ च्या फेब्रुवारीपासून दीड वर्ष एक पेटी बसवलेली होती. एक्सपोज-ई हे तिचं नाव. तिच्या तबकांमध्ये छोटे गोल खण होते आणि प्रत्येक खणात वाळवलेला एखादा सूक्ष्मजीव, बी, दगडफूल किंवा एखाद्या सेंद्रिय रेणूचा पातळ थर. वरच्या खणांवर अशा काचा बसवल्या होत्या की सूर्याचे अतिनील किरण थेट आत यावेत. त्यांच्या खाली तशाच नमुन्यांचा दुसरा थर होता. निर्वात पोकळी, थंडी, उष्णता यांतून तोही जात होता, फक्त त्याच्यापर्यंत उजेड पोचत नव्हता. २००९ च्या सप्टेंबरमध्ये पेटी पृथ्वीवर परत आली आणि दोन्ही थर शेजारी शेजारी ठेवून तपासले गेले. उजेडातले बहुतेक जिवाणू मेले होते. अंधारातले मोठ्या संख्येने जिवंत होते.

अशा प्रयोगाची बातमी आली की मथळा ठरलेला असतो: ‘जीवन अवकाशातून आलं?’ प्रश्न मोठाच आहे, आणि त्याच्यापायी थोर माणसांनी आयुष्यातली वर्षं घातली आहेत. पण गेल्या चाळीस वर्षांतल्या या प्रयोगांनी जे खात्रीने दाखवलं, ते आपल्या उगमाबद्दल थोडं सांगतं आणि आपण वर पाठवतो त्या यानांबद्दल फार जास्त. आडोसा मिळाला तर पृथ्वीवरचे सूक्ष्मजीव अंतराळात वर्षानुवर्षं तगतात. म्हणजे जिथे आपण जीवनाच्या खुणा शोधायला जातो, तिथे आपलीच घाण टाकून येण्याची शक्यता खरी आहे. तिला आवर घालणारा कायदा भारताकडे नाही. चंद्राची माती आणायला निघालेल्या देशाला ही उणीव परवडणारी नाही.

पुरावा किती भक्कम आहे ते आधी पाहू. नासाचा एलडीईएफ हा उपग्रह १९८४ मध्ये वर गेला आणि १९९० मध्ये खाली आणला गेला. त्याच्यावर बॅसिलस सबटिलिस या मातीतल्या साध्या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे टणक कवचातली त्याची निद्रिस्त रूपं, होती. अतिनील किरणांपासून झाकलेले आणि ग्लुकोजचं संरक्षण असलेले बीजाणू जवळपास सहा वर्षांनंतरही मोठ्या प्रमाणात उगवून आले. २००५ मध्ये रशियाच्या फोटॉन-एम२ यानाच्या बाहेर दोन जातींची दगडफुलं सुमारे दोन आठवडे उघडी ठेवली होती. आपण मसाल्यात घालतो त्याच दगडफुलाची ही भावंडं. ती परत आल्यावर पुन्हा प्रकाशसंश्लेषण करू लागली. २००७ मध्ये फोटॉन-एम३ वर टार्डिग्रेड गेले, आठ पायांचे, डोळ्यांना जेमतेम दिसतील असे प्राणी. नुसतं निर्वात त्यांनी सहज पचवलं, पण सगळे अतिनील किरण थेट अंगावर घेऊन वाचलेले अगदी मोजके होते.

जपानचा तानपोपो हा प्रयोग मला या सगळ्यांत जास्त बोलका वाटतो. अकिहिको यामागिशी यांच्या गटाने डायनोकॉकस या किरणोत्सार सोसणाऱ्या जिवाणूच्या वाळलेल्या गोळ्या २०१५ पासून अंतराळ स्थानकावरच्या किबो या जपानी प्रयोगशाळेच्या बाहेर ठेवल्या आणि एक, दोन व तीन वर्षांनी परत आणून तपासल्या. पातळ थर मरून गेले. अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून जाड गोळ्यांमध्ये मात्र वरचे जिवाणू मेले आणि त्यांच्याच मृत थराच्या सावलीत खालचे तीन वर्षं टिकले. अर्धा मिलिमीटर! यानाच्या अंगावर याहून खोल फटी किती असतील, याचा विचार करा: स्क्रूचे आटे, तारांचे जुडगे, चिकटपट्टीची खालची बाजू, इन्सुलेशनच्या घड्या. सूर्याचे किरण तिथे कधीच पोचत नाहीत. ‘अंतराळात सगळं आपोआप निर्जंतुक होतं’ हा समज या एका निकालाने मोडीत काढला.

यान मुळात स्वच्छच असतं, असं कोणी म्हणेल. यानाची जोडणी होते त्या क्लीनरूममध्ये हवा गाळून सोडतात, माणसं डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली असतात, पृष्ठभाग जंतुनाशकांनी पुन्हा पुन्हा पुसले जातात. या कडक शिस्तीतून वाचतं ते सर्वांत चिवट असतं. बॅसिलस प्युमिलसचा एसएएफआर-०३२ हा वाण नासाच्या कॅलिफोर्नियातल्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीच्या जोडणी-कक्षातच सापडला. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अतिनील किरण या दोन्हींना तो त्याच्या भाईबंदांपेक्षा जास्त चिवटपणे तोंड देतो. एक्सपोज-ई च्या पेटीत हाच वाण मुद्दाम ठेवला होता, आणि अंधारातल्या खणांत तो दीड वर्ष टिकला. उजेडातलेही थोडे वाचले. दुसरं उदाहरण टर्सिकॉकस फिनिसिस या जिवाणूचं. तो आधी फ्लोरिडात, फिनिक्स या मंगळयानाच्या तयारीच्या वेळी क्लीनरूममध्ये सापडला आणि मग हजारो किलोमीटरवरच्या फ्रेंच गयानामधल्या क्लीनरूममध्ये. स्वच्छतेचे आपले उपायच अंतराळप्रवासाला योग्य असे सूक्ष्मजीव निवडून देत आहेत. ते कुठे जातात याचा हिशेब त्यामुळे आपल्याच माथी येतो.

हा हिशेब काही देशांनी फार आधी मांडला. १९७५ मध्ये मंगळाकडे निघालेल्या दोन्ही व्हायकिंग यानांचे उतरणारे भाग शंभराहून जास्त अंश सेल्सिअसवर तासन्‌तास भाजून काढले होते. आजच्या आंतरराष्ट्रीय संकेतानुसार मंगळावर उतरणाऱ्या साध्या यानावर एकूण ३ लाखांपेक्षा जास्त बीजाणू चालत नाहीत, आणि दर चौरस मीटरला सरासरी ३०० ही मर्यादा आहे. गॅलिलिओ यान २००३ मध्ये गुरूमध्ये आणि कॅसिनी २०१७ मध्ये शनीमध्ये मुद्दाम बुडवलं गेलं. बर्फाखाली पाणी असलेल्या गुरूच्या युरोपा किंवा शनीच्या एन्सेलेडस या चंद्रांवर ते चुकून आदळू नये, एवढ्यासाठी. चालू अवस्थेतलं यान नष्ट करण्याचा तो निर्णय मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो.

घाणीचं नुकसान नेमकं काय? मंगळावर आपले जिवाणू लगेच पसरतील, ही भीती मी घालणार नाही. त्याला द्रव पाणी लागतं, अन्न लागतं, ऊब लागते. खरं नुकसान शोधाचं होतं. सर्व्हेयर-३ हे यान १९६७ च्या एप्रिलमध्ये चंद्रावर उतरलं. अपोलो-१२ च्या अंतराळवीरांनी १९६९ च्या नोव्हेंबरमध्ये त्याचा कॅमेरा काढून परत आणला. त्याच्या आतल्या फोममध्ये स्ट्रेप्टोकॉकस मायटिस हा माणसाच्या तोंडात राहणारा जिवाणू सापडला, आणि चंद्रावर अडीच वर्षं जिवंत राहिलेला जिवाणू म्हणून तो पाठ्यपुस्तकांपर्यंत जाऊन पोचला. पुढे जुनी छायाचित्रं आणि कामाची पद्धत पुन्हा तपासली गेली, तेव्हा तो बहुधा परत आल्यावर प्रयोगशाळेतच लागला असावा, असा निष्कर्ष निघाला. चाळीस वर्षं आपण त्या जिवाणूचं कौतुक करत होतो.

अगदी अलीकडचं उदाहरण याहून बोचरं आहे. जपानच्या हायाबुसा-२ ने र्‍युगू या लघुग्रहावरून आणलेले कण २०२० च्या डिसेंबरमध्ये पृथ्वीवर उतरले. नायट्रोजनमध्ये, निर्वातात, जमेल तितक्या काळजीने ते हाताळले गेले. त्यातला एक कण ब्रिटनमध्ये तपासणीसाठी कापला गेला आणि त्याच्यावर सेंद्रिय पदार्थाचे दांडे व धागे दिसले. काही आठवड्यांत त्यांची संख्या वाढली आणि मग घटली. वाढीचा हा आलेख पृथ्वीवरच्या सूक्ष्मजीवांशी जुळला, म्हणून खुलासा झाला. वाढ मोजली गेली नसती, एकच छायाचित्र हाती असतं, तर लघुग्रहावर जीवन सापडल्याची बातमी जगभर झाली असती. इतक्या जपलेल्या कणाची ही गत, तर यानाच्या पायाखालच्या मातीचं काय होईल?

सेंद्रिय रेणूंचंही तसंच. अंतराळात उघडे ठेवलेले अमिनो आम्लांचे आणि इतर कार्बनी रेणूंचे थर अतिनील किरणांखाली कसे तुटतात, कोणत्या खनिजाच्या आश्रयाने टिकतात, हे याच पेट्यांमधून कळलं. मंगळावर असा एखादा रेणू सापडला तर तो तिथला की उल्कांमधून आलेला की आपल्या इंधनाचा अवशेष, हे ठरवायला तुलनेसाठी हीच मोजमापं लागतात.

या विषयाशी महाराष्ट्राचं जुनं नातं आहे आणि ते मला अभिमानाचं वाटतं. जीवन अवकाशातून आलं का, या प्रश्नाचा जयंत नारळीकरांनी पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतून पाठपुरावा केला. हैदराबादच्या राष्ट्रीय बलून केंद्रातून २००१ मध्ये आणि पुन्हा २००५ मध्ये इस्रोच्या मदतीने बलून सोडले गेले. २००५ च्या बलूनला ४५९ किलोचं सामान होतं: निर्वात केलेली, निर्जंतुक केलेली पोलादी नळकांडी आणि ती थंड ठेवायला ३८ किलो द्रवरूप निऑन. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा त्या नळकांड्यांत ओढली गेली, गोठली आणि पॅराशूटने खाली आली. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणू जीवशास्त्राच्या संस्थेत आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात तिची स्वतंत्र तपासणी झाली. जिवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या. त्यातल्या एकीला नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉइल यांचं नाव दिलं, दुसरीला इस्रोचं, तिसरीला आर्यभटाचं. आपल्या जवळच्या जातींपेक्षा त्या अतिनील किरण जास्त सोसत होत्या.

२००९ मध्ये निकाल जाहीर करताना इस्रोने एक गोष्ट स्पष्ट म्हटली होती: या जाती पृथ्वीबाहेरून आल्या हे यावरून सिद्ध होत नाही. मला ते निवेदन त्या प्रयोगाइतकंच मोलाचं वाटतं. दोन प्रयोगशाळांत तपासणी, हवा न घेतलेल्या नळकांड्याशी तुलना, आणि शेवटी हात राखून केलेला दावा. नारळीकर २०२५ च्या मे महिन्यात गेले. त्यांच्या आठवणी खूप निघाल्या, पण त्यांनी विचारलेला प्रश्न पुढे कसा न्यायचा यावर फारशी चर्चा झाली नाही. ते जिवाणू वरून आले की वादळांनी आणि ज्वालामुखींनी खालून वर फेकले, हे ठरवायचं तर त्या उंचीवर आणि त्याच्याही पलीकडे ते किती काळ तगतात याची मोजणी हवी. म्हणजे उघड्यावर ठेवण्याचे प्रयोग आपण स्वतः करायला हवेत.

त्यासाठी लागणारं बरंचसं आपल्याकडे आहे. पीएसएलव्हीचा चौथा टप्पा उपग्रह सोडून झाल्यावर कक्षेतच फिरत राहतो, आणि पोएम नावाने इस्रो त्याचा प्रयोगमंच म्हणून वापर करते. २०२४ च्या डिसेंबरमध्ये गेलेल्या पोएम-४ वर चवळीच्या बियांना अंकुर फुटले, मुंबईच्या अ‍ॅमिटी विद्यापीठाचा पालकाच्या पेशींचा प्रयोग गेला, बंगळुरूच्या विद्यार्थ्यांनी आतड्यातला जिवाणू पाठवला. ते सगळं बंद डब्यांत होतं. यापुढची पायरी डब्याला खिडकी लावण्याची आहे. पोएम परत येत नाही, जळून जातो, मग नमुने कसे तपासणार, असा प्रश्न येईल. नासाच्या ओ-ओरिओस या साडेपाच किलोच्या उपग्रहाने २०१० मध्येच त्याचं उत्तर दिलं. वाळलेले बीजाणू त्याने कक्षेतच पाणी देऊन जागे केले, त्यांची वाढ मोजली, आणि सेंद्रिय रेणूंचे वर्णपट घेऊन आकडे खाली पाठवले. शिवाय परत आणायचंच झालं, तर २००७ च्या जानेवारीत आपली एसआरई-१ ही कुपी बारा दिवस कक्षेत राहून बंगालच्या उपसागरात सुखरूप उतरली होती.

नमुना काय ठेवायचा, यावर माझं मत ठरलेलं आहे: लोणार. बुलढाणा जिल्ह्यातलं हे विवर बेसाल्टमध्ये उल्काघाताने झालेलं आहे आणि मंगळाचा पृष्ठभागही मोठ्या प्रमाणात बेसाल्टचाच आहे. सरोवराचं पाणी इतकं खारं आणि अल्कधर्मी की साधे सजीव तिथे टिकत नाहीत. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून तो रंग मीठप्रेमी हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचा असल्याचं सांगितलं. ओ-ओरिओसवर बीजाणूंच्या जोडीला जो दुसरा सजीव होता, तो याच हॅलोआर्किया कुळातला. मीठ वाळून खडे बनतं तेव्हा हे सूक्ष्मजीव त्याच्या आत अडकून दीर्घकाळ तग धरतात, आणि मंगळावर क्षारांचे साठे आहेत. आपल्या दारात असलेला नमुना जगाला उपयोगी पडेल असा आहे.

आता आक्षेपांकडे वळतो. पैशाचा आक्षेप मला फारसा टिकणारा वाटत नाही, कारण वापरून झालेल्या टप्प्यावर काही किलोचा डबा बसवण्याचा हा खर्च आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. मंगळावरचे दगड उल्का होऊन पृथ्वीवर पडतातच, पृथ्वीवरचेही कधीतरी तिकडे गेले असतील, मग दोन ग्रहांमध्ये सजीवांची देवाणघेवाण आधीच झालेली असू शकते. असं असेल तर एवढी साफसफाई कशाला? मी म्हणतो, असं असेल तर ती दुप्पट हवी. अब्जावधी वर्षांपूर्वी तिकडे गेलेला आपला चुलता मंगळावर सापडला, तर त्याची घडण आपल्याशी मिळतीजुळतीच असेल. तो पुरातन नातेवाईक आहे की गेल्या वर्षी क्लीनरूममधून गेलेला पाहुणा आहे, हे ओळखण्याचा मार्ग एकच: आपण काय नेलं याची पक्की नोंद.

तिसरा आक्षेप असा की माणूस मंगळावर जाणारच आहे, आणि एका माणसाच्या अंगावर कोट्यवधी जिवाणू असतात. हे खरं आहे. म्हणूनच माणूस पोचण्याआधीची ही वर्षं अमूल्य आहेत, एकदा गेली की परत मिळणार नाहीत.

राहिला चंद्र. तिथे जीवन नाही, मग तिथे कसली काळजी, असं पूर्वी म्हणत. चंद्राच्या ध्रुवांजवळ अशी विवरं आहेत जिथे सूर्यप्रकाश कधीच पडत नाही, आणि तापमान काही ठिकाणी उणे २०० अंशांच्याही खाली राहतं. एक्सपोज पेटीचा तो खालचा अंधारा थर आठवा. ती विवरं म्हणजे तसाच थर, चंद्राच्या आकाराचा. तिथल्या बर्फात सूर्यमालेच्या जुन्या काळातले सेंद्रिय रेणू साठून राहिले असण्याची शक्यता आहे, आणि तिथे आपण सांडलेलं काहीही दीर्घकाळ टिकेल. म्हणून कोस्पार या अंतराळ संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२१ मध्ये नियम बदलले: ध्रुवीय भागात आणि कायम सावलीतल्या विवरांत उतरणाऱ्या यानांनी सोबत नेलेल्या सेंद्रिय पदार्थांची यादी ठेवावी. चंद्रयान-३ दक्षिण गोलार्धात ६९ अंशांच्या आसपास उतरलं. आपली पुढची नजर ध्रुवाकडे आहे हे सगळ्यांना माहीत आहे.

कोस्पारचे नियम संकेत आहेत, त्यांच्यामागे दंड नाही. १९६७ च्या अंतराळ कराराच्या नवव्या कलमात परग्रहांचं हानिकारक प्रदूषण टाळा असं म्हटलं आहे. सहाव्या कलमानुसार खासगी कंपन्यांच्या अंतराळातल्या कामांची जबाबदारी त्यांच्या देशावर येते. भारताने हा करार मान्य केलेला आहे. पण अंतराळविषयक विधेयकाचा मसुदा २०१७ मध्ये लोकांपुढे ठेवला गेला, २०२३ मध्ये धोरण आलं, आणि स्वतंत्र कायदा अजून झालेला नाही. दरम्यान खासगी कंपन्यांना दार उघडलं गेलं, ते योग्यच झालं. इस्रोच्या शास्त्रज्ञांच्या काळजीबद्दल मला शंका नाही. शंका आहे ती उद्या कोणीतरी भाड्याने घेतलेल्या जागेत काय ठेवेल याची.

२०१९ च्या एप्रिलमध्ये इस्रायलचं बेरेशीट यान चंद्रावर आदळलं. त्याच्यावर अमेरिकेतल्या एका प्रतिष्ठानाचं ज्ञानभांडार होतं, आणि त्यात हजारो वाळवलेले टार्डिग्रेड घातलेले होते. यान बनवणाऱ्यांना त्याची कल्पना नव्हती. अपघातानंतर ते जगाला कळलं. पुढच्या चाचण्यांवरून ते आदळतानाच मेले असावेत असं दिसतं, पण त्यांना तिथे नेण्याची परवानगी कोणी दिली, या प्रश्नाला उत्तर नाही. कारण ती मागण्याची सक्ती कोणावरच नव्हती.

आपला कायदा लिहिला जाईल तेव्हा त्यात काही गोष्टी स्पष्ट हव्यात. भारतातून उडणाऱ्या प्रत्येक सामानाने त्यात सजीव किंवा जैविक पदार्थ आहे का, हे जाहीर करावं. ते लपवणं गुन्हा ठरावा. परग्रहावर उतरणाऱ्या यानाची स्वच्छतेची मोजमापं सार्वजनिक व्हावीत. आणि ज्या क्लीनरूममध्ये यान जोडलं जातं तिथल्या सूक्ष्मजीवांचे नमुने जपून ठेवावेत, कारण वीस वर्षांनी वाद झाला तर जुळवून पाहायला तेच लागतील. त्यासाठी नवी संस्था काढायची गरज नाही, पुण्यात राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आहे आणि नमुने सांभाळणं हेच त्याचं काम आहे. चंद्राची माती आणणाऱ्या चांद्रयान-४ ला २०२४ च्या सप्टेंबरमध्ये २१०४ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली आहे. त्याची जोडणी पूर्ण होण्याआधी बंगळुरू आणि श्रीहरिकोटा इथल्या कक्षांतल्या जिवाणूंची पहिली खेप पुण्यात पोचायला हवी.